पडायला शिकवणारी

स्वप्नाली नंदुरबारजवळच्या कोरीट गावची. बडोद्याला समकालीन नृत्यात एम.ए. केलं, आई वारल्यावर वडिलांसाठी गावी परतली, आणि नंदुरबारच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागली. कॉलेजला नव्या अभ्यासक्रमात एक कलाविषय दाखवायचा होता. वर्ग म्हणजे पत्र्याचं सभागृह, खाली टणक फरशी. तिनं त्यावर सतरंज्या अंथरल्या आणि पहिल्याच तासाला मुलींना सांगितलं, "आधी पडायचं कसं ते शिकू. गुडघा, मग मांडी, मग खांदा. डोकं सगळ्यात शेवटी."

घरी वडिलांना, रतिलालना, हसू आवरेना. "पडानं शिकाडाले पगार भेटस का तुले?"

"हां बाबा, तेन्हाच भेटस."

मुली पहिल्यांदा लाजल्या, मग ओढण्या कमरेला खोचून पडू लागल्या. सगळ्यांत चांगली पडायची रिना. तोरणमाळच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची, मुलींच्या वसतिगृहात राहणारी, अबोल. तिचं अंग आवाज न करता जमिनीला टेकायचं. स्वप्नालीनं परीक्षेचं नृत्य तिच्याभोवतीच बसवलं: एकेक जण कोसळत जातो, उरलेले त्याला उचलतात.

एप्रिल लागला. दुपारी पत्रा तापायचा. कूलर बिघडला होता, पण परीक्षक यायचे होते म्हणून सराव थांबवता येत नव्हता. निदान स्वप्नालीला तसं वाटलं. त्या दुपारी ती ढोलकीवर ताल देत होती. रिना मधोमध आली, वळली आणि खाली गेली.

"वा, रिना! तशीच राहा," स्वप्नाली ओरडली.

बाकीच्या मुली तिच्याभोवती फिरत राहिल्या. तिला उचलायची वेळ आली तेव्हा तिची मैत्रीण सोनम वाकली आणि तिथंच थांबली.

"मॅडम, हे नाचातलं नाहीये."

दवाखान्यात डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली, रक्त काढलं. सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. "तुम्हाला माहीत नव्हतं? या पोरीला उन्हात असं दमवायचं नसतं." स्वप्नालीला माहीत नव्हतं. सोनमला होतं, पण रिनानं तिला शपथ घातली होती.

रिना मांड्या घट्ट धरून कण्हत होती. हाडं आतून ठेचल्यासारखी दुखतात, म्हणाली.

"का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कडेला बसवलं असतं."

 स्वप्नालीनं खरंच बसवलं असतं. दुसऱ्या दिवशी रिनाला धाप लागली. मोठ्या शहरात हलवायची गाडी दारात लागेपर्यंत ती गेली.

तिचे वडील रूपसिंग आणि आई रूपलीबाई तोपर्यंत पोचले होते. रूपलीबाई पावरी बोलीत काहीतरी पुन्हापुन्हा बोलत होती, स्वप्नालीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. रूपसिंगना थोडं मराठी येत होतं.

"काय करत होती ती?"

"नाचत होती."

 रूपसिंगनी आवाज चढवला नाही. "आम्ही तिला होळीत पण नाचू देत नव्हतो," एवढंच म्हणाले, आणि गाडीत चढले.

कॉलेजनं चौकशी केली, कुणाचाही दोष नाही असं ठरवलं आणि विषय बंद केला. पुढच्या वर्षी सभागृहात कॉम्प्युटर मांडले गेले.

सोनमला मात्र नृत्य शिकायला बडोद्याला जायचं होतं. प्रवेशपरीक्षेची तयारी करून घ्या म्हणून ती कोरीटला आली. स्वप्नाली म्हणाली, "आधी रक्त तपासून ये." ती तपासून आली. काही नव्हतं. मग रतिलालनी कापूस साठवायची खोली सरावाला रिकामी करून दिली. पण सोनम जमिनीला टेकली रे टेकली की स्वप्नाली धावायची. "दुखतंय का? पाणी पी. ऊठ, बस जरा."

चौथ्या-पाचव्या रविवारी सोनम उठून उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं.

"मॅडम, तुम्ही मला नाचूच देत नाही."

"हो," स्वप्नाली म्हणाली.

सोनम त्यानंतर आली नाही, आणि स्वप्नालीनं फोन केला नाही. आता स्वप्नाली एका प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. स्नेहसंमेलनात तिच्याकडे मुलांना ओळीनं बसवायचं काम असतं.