दरबारचा टेलिफोन आणि माझं तोंड

ऐका हो ऐका! जव्हार दरबारच्या टेलिफोनसंबंधी एक अत्यंत गंभीर बाब आज जाहीर होत आहे. आजवर ती कुणालाच सांगितलेली नाही — बायकोलासुद्धा नाही, म्हणजे बघा.

मोखाड्याच्या कचेरीत टेलिफोन होता, आसपास तेवढा एकच, आणि तो दरबारचा. रयतेनं हात लावायची मनाई. कुणाला जव्हारला निरोप द्यायचा असेल तर त्यानं मला सांगायचं आणि मी यंत्रात बोलायचं — मी, तिथला कारकून. पण नुसता बोलायचो का मी? सासऱ्याचा निरोप असेल तर खाकरून, नव्या नवरीचा असेल तर लाजून! बाजाराच्या दिवशी खिडकीशी ही गर्दी. लोक नागलीची पोती तशीच टाकून मला बघायला यायचे.

मग नवे कारभारी आले. म्हणाले, रयतेला आपल्या तोंडानं बोलू द्या. एकदा करून बघू, जमलं तर मनाई उठवू. चांगलं होतं ते. मला कळत नव्हतं का? कळत होतं.

पहिली पाळी खोडाळ्याच्या सोनीबायची. लेक जव्हारला दिलेली, भांडून माहेर तोडून बसलेली. मी कितीदा म्हटलं होतं, "सांग सोनीबाय, मी बोलतो." ती म्हणे, "नको भाऊ. माझी माफी तुझ्या तोंडून गेली तर लोक हसतील."

हसलेच असते. मी हसवलं असतं.

मी दांडा फिरवला. जव्हारहून आवाज आला — लेक आलीय, उभी आहे. मी रिसीव्हर सोनीबायच्या हाती दिला आणि — कसं सांगू? — पेटीमागं हात घालून तारेचा पेच सैल केला. अंगठ्यानं. सहज.

सोनीबाय बोलली. किती बोलली! चुकलं म्हणाली, ये म्हणाली, रडली, हसली, आणि खुशीत बाजारात निघून गेली. मग कारभाऱ्यांनी रिसीव्हर कानाला लावला — सामसूम. मनाई कायम राहिली. तिकडे लेक मुक्या यंत्रापुढे थांबून थांबून घरी गेली. पुन्हा माहेरी आली नाही. आणि पुढच्या बाजाराला मी, पेच आवळून, पुन्हा खिडकीत. तोच थाट, तीच गर्दी. मजा आली मला — तेही लिहितो.

सोनीबायला मी कधीच काही सांगितलं नाही. रिसीव्हर खाली ठेवता ठेवता, भरल्या कचेरीत, ती बोलून गेली होती, "आज पहिल्यांदा पोर मधी बोलली नाय. आखं ऐकून घेतलं तिनं."