पेडल कोण दाबत होतं?

ती घटना मी विसरलेलो नाही, पण आजवर सांगितली ती अर्धीच.

अक्कलकोट रस्त्यावर एक कार दुभाजकावर आदळली. चालवणारा बेशुद्ध होता. संध्याकाळी आमच्या पोलीस ठाण्यात भवानी पेठेतून त्याच्या शेजाऱ्याचा फोन आला. "साहेब, त्याचा धाकटा भाऊ काल दिवसभर गाडीखाली होता. ब्रेकचं सगळं तेल काढलं त्यानं. घराच्या वाटणीवरनं भांडण हाय दोघांचं."

यंत्रमागावर फिटर असलेल्या त्या धाकट्याला मी ताब्यात घेतलं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम मनात ठरलं होतं.

"ब्रेकच्या जुन्या रबरी नळ्या फुगल्या होत्या साहेब. स्टीलच्या जाळीच्या बसवल्या. भांडण तर कवाच मिटलंय. मग हवा काढताना आमी..."

वाक्य पुरं होण्याआधीच मी त्याच्या कानाखाली मारली.

आमची जीप चालवणारे हवालदार चहा घेऊन आले होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, ब्रेकमधली हवा काढायला दोघं लागतात. एकानं खाली चाकापाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करायचा, दुसऱ्यानं आत बसून पेडल दाबायचं." मग धाकट्याकडे वळून विचारलं, "पेडल कोण दाबत हुतं रं?"

"दादाच की. मगापासनं तेच सांगायलोय."

हवालदारांनी आवारातल्या त्या कारचं पेडल दाबून पाहिलं. दगडासारखं घट्ट. मग कारमध्ये सापडलेली, मुद्देमालात ठेवलेली पाण्याची बाटली आणली. पंचनाम्यात 'बाटली, एक' असं मीच लिहून घेतलं होतं. ती चेपलेली होती आणि तिच्यावर पेडलच्या रेघा उमटल्या होत्या. ती घरंगळत पेडलखाली अडकली होती, म्हणून ब्रेक दाबलाच गेला नव्हता. मोटार वाहन निरीक्षकांनीही ब्रेक निर्दोष असल्याचा अहवाल दिला. तिसऱ्या दिवशी थोरला शुद्धीवर आला आणि त्याने पहिल्यांदा धाकट्यालाच हाक मारली.

गुन्हे बैठकीत माझं कौतुक झालं. मी हवालदारांचं नाव घेतलं नाही. ते आता हयात नाहीत. एक निरपराध माणूस आणि माझी वर्दी, दोन्ही त्यांनी वाचवलं, हे निदान आज लिहितो.

मागच्या महिन्यात धाकट्याच्या दारात जाऊन माफी मागितली. त्याने माझ्या जुन्या गाडीच्या चाकापाशी वाकून बघितलं.

"ब्रेक कवा बघितलेत?"

"आठवत नाही."

"लई धाडस हाय की तुमचं." त्याने पाना उचलला. "बसा आत. मी म्हणलं की दाबायचं. सोडा म्हणेपतूर सोडायचं न्हाय."

समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यावं, एवढंच मी या प्रकरणातून शिकलो, तेही उशिरा. त्या दिवशी चारही चाकांचे ब्रेक होईपर्यंत, त्याने सांगितल्याशिवाय मी पाय उचलला नाही.