अक्काचा गप्प कॉम्प्युटर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. माझ्या वेबसाइटचं कौतुक तुम्हीही केलंय, आणि ते मी हसतमुखानं घेतलंय. म्हणून ऐका.

शिरूरच्या सायबर कॅफेत बसून मी ती बनवली. आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, केंदूरहून मेंढरं घेऊन कुठंकुठं फिरले, कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली — सगळ्या गोष्टी त्यात होत्या. माझा मराठी फॉन्ट दुसऱ्यांकडं नुसते चौकोन दाखवायचा. सगळीकडं नीट दिसणारी युनिकोडची अक्षरं शिकायचा कंटाळा, म्हणून मी प्रत्येक पानाचं चित्रच करून टाकलं. दिसायला झकास! पण फक्त दिसायलाच — हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

केडगावची माझी आतेबहीण शैलाअक्का जन्मापासून आंधळी. पुण्यात एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर. तिचा कॉम्प्युटर तिला मजकूर वाचून दाखवायचा, मराठीसुद्धा, हिंदी वळणात; पण चित्रातली अक्षरं त्याला वाचता येत नसत. लहानपणी आबांनी तिला मेंढरांच्या कानांवरचे खुणेचे काप चाचपून मेंढरू ओळखायला शिकवलं होतं. आबांच्या गोष्टींवर माझ्याहून तिचाच हक्क जास्त. तिनं फोन केला — पान उघडतंय, पण कॉम्प्युटर गप्प बसतोय. आणि मी काय म्हणालो?

"अक्का, तुझं सॉफ्टवेअर जुनं हाय."

चाळीस पानं पुन्हा कोण टाइप करणार? एवढंच. आणि ती वर्षभर नव्या सॉफ्टवेअरसाठी साहेबांच्या विनवण्या करत राहिली. मला माहीत होतं — तरी गप्प बसलो.

मग एक दिवस तिनं कळवलं, पुढच्या महिन्यात नवं येतंय. तेही गप्प बसलं तर? मी झपाटल्यासारखं सगळी पानं टाइप केली, प्रत्येक फोटोत काय आहे ते शब्दांत लिहिलं, म्हाताऱ्या डोळ्यांसाठी अक्षरं मोठी केली. माया नव्हती ती — पकडलं जाण्याची भीती होती.

आणि काय सांगू तुम्हाला! नवं सॉफ्टवेअर आल्या दिवशीच अक्कानं ऑफिसातून फोन लावला, रिसीव्हर स्पीकरपाशी धरला. तो हिंदी वळणाचा आवाज आबांच्या गोष्टी धडाधड वाचत सुटला. मग एका जुन्या फोटोवर आला — काळी मेंढी, डाव्या कानाला दोन काप.

"आरं, ही तर आपली चंद्री!" अक्का म्हणाली. त्या मेंढीचं नाव मलाही माहीत नव्हतं. त्या दिवशी मी जग जिंकलं होतं, खोटं कशाला बोलू.

रविवारी केडगावला आत्यानं पेढे वाटले. सगळ्यांसमोर अक्का माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ह्यानं बराबर सांगितलं व्हतं. सॉफ्टवेअरच जुनं व्हतं माझं."

मी पेढा खाल्ला.

तिच्या सॉफ्टवेअरला काहीच झालं नव्हतं, कधीच. हे मी त्याच वेबसाइटवर लिहितोय — चित्र करून नाही, अक्षरांत. उद्या अक्काचा कॉम्प्युटर तिला हे वाचून दाखवेल.