डिस्कमधले धडे

आमच्या ह्यांचं घशाचं ऑपरेशन नांदेडला झालं. स्वरयंत्र काढावं लागेल आणि बोलणं जाईल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हापासून ते वहीत लिहून बोलतात.

ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. शाळा बंद होत्या त्या काळात त्यांनी घरी बसून मुलांसाठी फोनवर चौदा धडे रेकॉर्ड केले होते. मागे कुकरच्या शिट्ट्या, मध्येच माझी हाक. ऑपरेशननंतर मी ते धडे एका हार्डडिस्कवर भरले आणि डिस्क कपाटात ठेवली. फोन पुढे खराब झाला. परत ऐकायचा मात्र धीर झाला नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती डिस्क काढली आणि माझ्या हातातून निसटून फरशीवर पडली. लॅपटॉपला लावली. दिवा लागला, पण आतून टक् टक् आवाज यायला लागला आणि स्क्रीनवर काही दिसेना. काढून पुन्हा पुन्हा लावली. एकदा फोल्डरची नावं दिसली आणि लगेच गेली. ते शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांना ऐकू जाईल म्हणून मी डिस्कवर उशी दाबून धरली.

त्याच दुपारी मी त्यांचा आवाज आठवून पाहिला. शब्द आठवले, वाक्यं आठवली. आवाज येईना.

दुसऱ्या दिवशी "बहिणीकडे जाऊन येते" असं सांगून अहमदपूरहून लातूरची बस धरली. डिस्क टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होती. खड्डा आला की मी ती दोन्ही हातांनी उचलून धरायची.

डेटा काढून देणाऱ्या दुकानात चाळिशीतली एक बाई होती. तिने डिस्क कानाशी नेऊन हळूच हलवली.

"पडल्यावर किती वेळा लावली, ताई?"

"सहा-सात वेळा."

तिने डिस्क टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "आतलं वाचणारं हेड तबकडीवर घासायलंय. दर वेळी लावलं की थोडं थोडं खरवडून जातंय. आता मी एकदाच लावणार. आधी जेवढं चांगलं हाय तेवढं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेते. खराब जागेला शेवटी हात लावू."

"निघेल ना?"

"खोटं कशाला सांगू? मधीच बंद पडू शकती. काय हाय हिच्यात?"

मी सांगितलं. तिने खुर्ची पुढे ओढली आणि काम हाती घेतलं. म्हणजे पुन्हा पुन्हा लावून ते धडे मीच खरवडले होते. परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

घरी आले तर वही टेबलावर उघडी होती. 'तुझ्या बहिणीचा मेसेज आला होता. तू तिकडे गेलीच नाहीस. दवाखान्यात गेली होतीस का?' अक्षर वाकडंतिकडं झालं होतं. मला काही आजार निघाला, असं धरून ते दिवसभर बसले होते.

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि लिहिलं, 'नाही निघालं तरी चालेल.' जरा वेळाने त्यांनी ती ओळ खोडली.

दोन दिवस फोन वाजला की आम्ही दोघंही एकमेकांकडे पाहायचो. तिसऱ्या दिवशी दुकानातली ती बाई फोनवर म्हणाली, "या ताई. नऊ निघाले. बाकीचे न्हाई निघाले. डिस्क संपली."

पेनड्राइव्ह आणला. लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला, पण बटण दाबायला बोट उचलेना. शेवटी त्यांनीच दाबलं.

"मुलांनो, पुस्तक उघडा. मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा."

मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, भिंतीकडे पाहत राहिले. धडा संपल्यावर त्यांनी वही सरकवली. 'मी इतकं भरभर बोलायचो?'

"हो," मी म्हटलं. "पोरं तक्रार करायची."

दुसरा धडा मध्येच, एका शब्दाच्या अर्ध्यावर थांबला. पुढे नुसती खरखर. आम्ही तशीच वाट पाहत बसलो. मग त्यांनी तिसरा लावायची खूण केली.