कुंपणापलीकडचं अंजीर

न्यू जर्सीत किराण्याचं दुकान थाटल्यापासून मी भल्याभल्यांशी घासाघीस करून जिंकलोय, पण आमच्या शेजारच्या इटालियन म्हाताऱ्यापुढे कायम हरलो. माझी बायको त्यांना अंजीरकाका म्हणते. लहानपणी ते वडिलांबरोबर बोटीने इथे आले, तेव्हा आईने त्यांच्या कोटाच्या अस्तरात अंजिराची एक फांदी शिवून दिली होती. तिचंच हे परसातलं झाड. थंडी पडायच्या आत काका त्याच्या फांद्या दोरीने आवळतात, वर गोणपाट, जुनी ब्लँकेटं, ताडपत्री गुंडाळतात आणि शेंड्यावर एक निळी बादली उपडी घालतात. स्वतः मात्र स्वेटर घालत नाहीत. घरात दोन स्वयंपाकघरं. वरचं चकचकीत, फक्त पाहुण्यांना दाखवायला. रविवारचा टोमॅटोचा रस्सा रटरटतो तो तळघरात. ऑगस्टात गॅरेजभर टोमॅटोच्या पेट्या, म्हणून गाडी रस्त्यावर, आणि गाडी बाहेर गेली की जागा अडवायला स्वयंपाकघरातली खुर्ची. ती खुर्ची हलवणाऱ्याशी काका तीन वर्षं बोलले नाहीत. तो त्यांचा सख्खा भाऊ होता.

माझा राग मात्र फांदीचा. मी सासवडचा, अंजिराच्या बागेत वाढलेला. काकांनी रिटायर होऊन गावी निघालेल्या पोस्टमनला फांदी दिली, लग्न करून शिकागोला गेलेल्या समोरच्या पोरीला दिली, मला नाही. पंधरा वर्षं मागतोय. पैसे देऊ केले, तर "झाड काय विकतात?" हापूसची पेटी नेली, ती ठेवून घेतली. शेवटी तापून ओरडलो, "काका, तुमच्या अंजिराला आमच्या सासवडला कुत्रं विचारणार नाही!"

"मग सासवडला जाऊन खा," म्हणाले, आणि कुंपणावरून चार पिकलेली अंजिरं माझ्या हातात कोंबली. मोसमात हे भांडण रोज संध्याकाळी व्हायचं.

गेल्या ऑक्टोबरात काकांच्या मुलीने त्यांना फ्लोरिडाला न्यायचं ठरवलं. घर विकलं गेलं. नवे मालक झाड तोडून तिथे गाडी लावणार होते. निघायच्या आदल्या दिवशी काका ओल्या पेपरात गुंडाळलेली फांदी घेऊन कुंपणाशी आले.

"आता आठवण झाली होय?" मी म्हणालो. "सगळ्यांना दिलीत, मीच तेवढा नकोसा होतो?"

"लांब जाणाऱ्याला फांदी देतात रे. तू तर इथेच होतास. तुला दिली असती, तर रोज भांडायला आला असतास?"

फुकट मिळणारी वस्तू आयुष्यात पहिल्यांदाच मला घ्यावीशी वाटेना. "ठेवा तुमच्याकडेच," म्हणालो. काकांनी ती माझ्या खिशात खोचली, आणि आत जाऊन निळी बादलीही आणून दिली.

फांदी कुंडीत लावलीय, जेमतेम वीतभर. कुंडी गॅरेजात ठेवली तरी भागेल, हे मला कळतं. तरी थंडी पडली तशी ती अंगणातच ठेवून, गोणपाटात गुंडाळून वर बादली घातली. सगळी कुंडीच तिच्याखाली गडप झाली. मग सवयीने कुंपणाकडे वळून म्हणालो, "काका, आमच्या सासवडला असले लाड नसतात हां!"

पलीकडे कुणाची तरी गाडी उभी होती.