दारावर आलेला विद्यार्थी

बायको गेली, त्याच्या दुसऱ्या महिन्यात तो नशिराबादला माझ्या घरी आला. ख्रिस्ती धर्मसेवेचं मोठं शिक्षण घेत होता. माणूस गेल्यावर मागं राहिलेल्याला धीर कसा द्यावा, यावर त्याला प्रबंध लिहायचा होता. नाव सांगितलं होतं, मी विसरलो.

"मी तुमच्यातला नाही. मला काय विचारतो?"

"आमच्यातले पाठ केलेली उत्तरं देतात, आबा. तुम्ही तोंडावर बोलता, असं चौकात कळलं."

मला हसू आलं. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच.

तो खाली बसायचा. बोलता बोलता मी अडखळलो की पेनाला टोपण लावायचा. पहिल्या दिवशी निघताना मात्र "येतो" म्हणाला आणि मी तडकलो.

"दारवर येल मानूस 'येस' म्हनत नही, भाऊ. मुकाट जास." दारावर, म्हणजे दुःखात भेटायला, आलेल्यावर पुन्हा तशी वेळ येऊ नये, म्हणून 'येतो' न म्हणता जायची ही रीत.

त्यानं टोपण काढून तेही लिहून घेतलं. पुढं दर गुरुवारी आला, आणि दरवेळी मुकाट गेला. मी बायकोची भांडणंसुद्धा सांगून टाकली.

एका गुरुवारी म्हणाला, "आबा, माझं काम झालं." वही पिशवीत घातली, हात जोडले आणि काही न बोलता उंबऱ्यापर्यंत गेला. आता हा परत येणार नाही, हे मला तेव्हा कळलं.

"अरे, येतो म्हण ना!" मी ओरडलो.

तो वळून हसला. "येतो, आबा."

प्रबंध कधीच देऊन झाला. तरी गुरुवारी येतो. त्या दिवशी मी दूध दोघांपुरतं घेतो.