गावडे मास्तरांची टीम मागे वळत नाही

किस्से आपण जमवत नाही, ते साठतात. माझ्या उजव्या गुडघ्यात पाणी साठतं तसे. एकदा काढलं की वाटतं संपलं, पुढच्या महिन्यात परत तेवढंच. साकीनाक्याला आमची कंपनी व्हॉल्व बनवते. तिथल्या कॅन्टीनमध्ये जेवायला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "राणे, तो सात-पाचवाला सांग ना यार." मग मी सांगतो. मी कंपनीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर होतो. वय त्रेचाळीस, स्टोअर्स डिपार्टमेंट. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं, कारण गोल सोडून मला कुठे जाताच येत नव्हतं.

*

आमचा आधीचा कोच एचआरमधला एक तरुण मुलगा होता. टीव्हीवर बघून शिकवायचा, पण बरं शिकवायचा. त्याला दुसरीकडे नोकरी लागली आणि लीग तर तीन आठवड्यांवर आलेली. कंपनीने मग गावडे मास्तरांना बोलावलं.

गावडे मास्तर आमच्या मशीन शॉपचे रिटायर्ड फोरमन. मूळचे मालवणकडचे. मास्तर म्हणायचे कारण त्यांनी घाटकोपरच्या एका मंडळात तीस वर्षं खो-खो शिकवला. मग मुलं येईनाशी झाली, नऊ खेळाडू जमेनात आणि मंडळाने मैदानात बॅडमिंटनची जाळी लावली. तेव्हापासून मास्तर घरीच होते. फुटबॉलचं विचारलं तेव्हा त्यांनी लगेच हो म्हटलं. त्यांना मैदान हवं होतं, त्यावर काय खेळतात याचं त्यांना फारसं पडलेलं नव्हतं.

पहिल्या प्रॅक्टिसला त्यांनी चेंडू पिशवीतच ठेवला. दहा जणांना रांगेत उकिडवं बसवलं. एकाचं तोंड या गोलकडे, शेजारच्याचं त्या गोलकडे. वेल्डिंगमधला एक जण हळूच म्हणाला, "मास्तर, हा खो-खो झाला."

"मगे?" मास्तर म्हणाले. "फुटबॉल म्हणजे खो-खोच. फक्त मधे चेंडू येता."

मग त्यांनी त्यांचा एकमेव नियम सांगितला. खो-खोत पाठलाग करणारा ज्या दिशेला धावायला लागतो, त्या दिशेनेच धावतो. मधेच मागे वळला तर फाऊल. वळायचंच असेल तर टोकाच्या खांबापर्यंत जायचं आणि तिथून वळायचं. इथेही तसंच. एकदा तोंड पुढे केलं की पुढे.

मी हात वर करून विचारलं, "मास्तर, मी कुठे बसू?"

त्यांनी गोलपोस्टकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तू खांब," ते म्हणाले. "खांबाक काय शिकवचा?"

त्या दिवसापासून कंपनीत माझं नाव खांब. स्टोअर्सच्या फोनवरही लोक विचारतात, "खांब आहे का?"

*

पहिला सामना मुलुंडला, एका बँकेच्या टीमशी. त्यांचे बूट एकसारखे, वॉर्म-अप शिट्टीवर. आमच्यातल्या दोघांचे मोजेही एकसारखे नव्हते.

सामना सुरू झाला आणि आमची पोरं ओरडायला लागली, "खो!" ज्याच्याकडे चेंडू तो धावत एखाद्याच्या पाठीशी जायचा, खो म्हणून चेंडू सोडायचा आणि तो पुढचा उठल्यासारखा सुसाट सुटायचा. बँकवाले चेंडूवाल्याच्या मागे जायचे, तोवर चेंडू तिसरीकडे. दहा मिनिटांत तीन गोल झाले. त्यांचा कॅप्टन रेफ्रीकडे गेला आणि म्हणाला, "सर, ये लोग कुछ बोल रहे हैं."

रेफ्री फर्नांडिस म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी खेळ थांबवून मास्तरांना विचारलं, "ये खो क्या है? गाली है?"

मास्तर म्हणाले, "आमंत्रण आसा."

आम्ही सात-पाच जिंकलो. सात कसे झाले ते आमच्या कंपनीत वॉचमनलाही पाठ आहे. पाच कसे झाले ते कुणी विचारलं नाही. मी सांगतो. दहाच्या दहा जण पुढे, मागे वळायची बंदी आणि समोरून बँकेचे तिघे-चौघे माझ्याकडे चालत येत होते. धावायचीही त्यांना गरज नव्हती.

घरी आलो तर सई, माझी मुलगी, सहावीत आहे, तिने विचारलं, "बाबा, जिंकलात?"

"जिंकलो."

"तुमचे किती?"

"माझे पाच."

ती धावत आत गेली आणि आईला म्हणाली, बाबांनी पाच गोल केले. मनीषाने बाहेर येऊन मला एकदा नीट बघितलं आणि गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

*

मग जिंकतच सुटलो. सहा-चार, आठ-सहा, पाच-चार, नऊ-सात. नऊ-सातच्या वेळी तर रेफ्रीच्या कागदावर गोल लिहायची जागा संपली आणि त्यांनी पाठीमागे लिहिलं. लीगमध्ये आमच्याइतके गोल कुणाचेच नव्हते. लोक दुसऱ्या टीमचे सामने सोडून आमचा बघायला थांबायचे. रविवारी सकाळी सातला घाटकोपरहून मास्तरांचे जुने खो-खोवाले दोघे-तिघे यायचे, टाळ्या वाजवायचे. मास्तरांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता, हे मी कबूल करतो.

माझा मात्र दहा वर्षांनी म्हातारा झाला. एका हाफटाइमला मी त्यांच्याकडे गेलो. "मास्तर, दोनच माणसं मागे द्या. दोनच."

"दोन मागे दिले तर पुढे दोन कमी."

"पण ते लोक गोल मारतायत ना."

"मारूंदे," मास्तर म्हणाले. "ते पाच मारतले तर आपण सहा मारूया. तू कित्याक टेन्शन घेतंस?"

मी मोसंबीची फोड तोंडात टाकली आणि गोलकडे परत गेलो. त्या दिवशी आम्ही सहा मारले आणि त्यांनी खरंच पाच मारले. मास्तर शब्दाचे पक्के.

*

मास्तरांची बसायची एक पद्धत होती. घडीचं स्टूल ते मध्यरेषेपाशी बाजूला मांडायचे आणि समोरच्या गोलकडे तोंड करून बसायचे. हाफटाइमला बाजू बदलली की स्टूल फिरवायचे. म्हणजे आमच्या गोलकडे, म्हणजे माझ्याकडे, त्यांची कायम पाठ. पूर्ण सीझनमध्ये गोलमधून मला त्यांचं टक्कल आणि कॉलर एवढंच दिसलं.

अंधेरीच्या सामन्यात मी एक पेनल्टी अडवली. डावीकडे झेप घेतली, बोटांनी चेंडू वळवला, तो पोस्टला लागून बाहेर गेला. असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. मी उठलो, अंगावरची माती झटकली आणि मास्तरांकडे बघितलं. ते समोरच्या गोलकडे बघत होते. तिथे अंधेरीवाल्यांचा गोलकीपर बुटाची लेस बांधत होता.

*

सात सामने, सात विजय. कंपनीने कॅन्टीनमध्ये सत्कार ठेवला. मास्तरांना शाल, श्रीफळ. एचआरच्या मॅडम म्हणाल्या की आपल्या अटॅककडून सेल्सच्या लोकांनी शिकावं. सेल्सच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर ग्रुप फोटो. फोटोग्राफर म्हणाला, थोडं आत सरका, थोडं अजून आत. जेवढे आत सरकले तेवढ्यांचा फोटो निघाला. तो अजून नोटीस बोर्डवर आहे. त्यात डाव्या कडेला एक ग्लोव्ह दिसतो. तो मी.

*

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि ते चुकचुकले. "राणे, हा सीझन झाला की बास. नाहीतर जिना चढायचे वांदे होतील."

मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. मी शाळेपासून गोलमध्ये उभा आहे. लाकडी पोस्ट, बांबूचे पोस्ट, चपला ठेवून केलेले पोस्ट. जायला हरकत नव्हती. पण जायच्या आधी मला एक सामना हवा होता ज्यात एकही गोल आत जाणार नाही. एकच. सईने विचारलं, तुमचे किती, तर मला शून्य म्हणायचं होतं.

हे मी फक्त चेतनला सांगितलं. चेतन आमचा फॉरवर्ड, वेसाव्याच्या कोळीवाड्यातला. घरचा धंदा मासळीचा. भल्या पहाटे बंदरावर जायचा, तिथून थेट मैदानात. निम्मे गोल त्याचे. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, बोरिवलीच्या मॅचला मी मागे येतो. मास्तर काय फाशी देणार आहेत?"

आठवा सामना, बोरिवली. चेतनने पुढे तीन मारले आणि मधेमधे मास्तरांची नजर चुकवून मागे येऊन माझ्यासमोर उभा राहिला. हाफटाइम झाला, तीन-शून्य. मी मोसंबीलाही हात लावला नाही. सामना संपायला वीस मिनिटं राहिली असताना त्यांचा एक चेंडू माझ्या हाताखालून निसटला. चेतन अर्ध्या मैदानातून उलटा धावत आला आणि त्याने तो रेषेवरून बाहेर लाथाडला.

मास्तर स्टुलावरून उठले. चेंडू त्यांनी पाहिला नसेल, पण आपला माणूस आपल्या अंगावरून उलट्या दिशेने गेलेला त्यांना दिसला. "फाऊल!" ते ओरडले. फर्नांडिसनी शिट्टीही वाजवली नव्हती. मास्तरांनी चेतनला बाहेर बोलावलं.

"मास्तर, गोल वाचवला मी."

"मागे वळलंस. बाद."

"मग थोड्या वेळाने परत घ्या."

"बाद म्हणजे बाद."

पुढच्या वीस मिनिटांत चार आत गेले. तीन-चार. सीझनचा पहिला पराभव. चेतन बाजूला टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता. घाटकोपरवाले टाळ्या न वाजवता गेले. मास्तर स्टूल काखेत मारून सगळ्यांना सांगत होते की चेतन वळला तिथेच आपण गेलो.

चेतनने माझं नाव सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या म्हाताऱ्याच्या सात विजयांना माझ्या एका हट्टाने दृष्ट लागली होती आणि मी बुटांची माती काढत खाली बघत बसलो. मला स्वतःची लाज वाटली. त्यानंतर मी दोन माणसं मागितली नाहीत आणि शून्याचं नावही काढलं नाही. पुढच्या दोन सामन्यांत एक हरलो, एक जिंकलो. माझे पाच आणि सहा.

*

शेवटचा सामना गोरेगावला, आरे कॉलनीच्या अलीकडच्या मैदानावर. समोरची टीम पवईहून यायची होती. आम्ही सकाळी सातला तयार. सव्वासातला फर्नांडिसना फोन आला की आरेच्या रस्त्यावर झाड पडलंय, त्यांची बस अडकली आहे. साडेसातला दुसरा फोन आला की बस मागेही जात नाही.

लीगचा नियम असा की समोरची टीम आली नाही तरी आपण वीस मिनिटं मैदानात आपापल्या जागी उभं राहायचं. मग शिट्टी आणि तीन-शून्य. आमची पोरं म्हणाली, सर, द्या ना वॉकओव्हर, चहा पिऊन येतो. फर्नांडिस म्हणाले, नियम म्हणजे नियम.

तेव्हा आम्ही उभे राहिलो. दहा जण पुढे, समोर कुणी नाही. मी ग्लोव्ह चढवले, गुडघ्याला पट्टा आवळला आणि गोलमध्ये उभा राहिलो. पंधरा मिनिटं गेल्यावर गुडघा ठणकायला लागला, तरी टेकलो नाही. शेवटचीच वीस मिनिटं होती, म्हटलं नीट उभं राहू. मधे एक कुत्रा माझ्या दिशेने आला, मला बघून बाजूने गेला.

मास्तरांनी स्टूल नेहमीच्या जागी मांडलं होतं. समोरच्या रिकाम्या गोलकडे तोंड, माझ्याकडे पाठ. चेतन एकदा त्यांच्यापाशी गेला, वाकून, माझ्याकडे हात करून काहीतरी बोलला आणि परत आपल्या जागी येऊन उभा राहिला. मास्तर हलले नाहीत.

फर्नांडिसनी शिट्टी वाजवली. कागदावर लिहिलं, तीन-शून्य. पोरं चहाच्या टपरीकडे पळाली.

मास्तर उठले. स्टुलाची घडी घातली. आधी चालत समोरच्या गोलकडे गेले, पार टोकापर्यंत. तिथल्या पोस्टला हात लावला आणि मग मागे वळले. ते अख्खं मैदान ओलांडून माझ्याकडे येत होते आणि मी ग्लोव्ह न काढता उभाच राहिलो. गोलमधून त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा बघत होतो. त्यांना दम लागला होता.

गोलपाशी येऊन ते थांबले. माझ्या मागच्या जाळीकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरो खेळलंस आज," मास्तर म्हणाले. "एकय आत जावक दिलंस नाय."